न तापणारी भट्टी

भट्टीचे दार उघडायचे, उजवा हात कोपरापर्यंत आत घालायचा, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि मान हलवून म्हणायचे, "न्हाय. अजून न्हाय तापली." आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी चालवणारे काका मला आठवतात ते असे.

तुमच्याही गावात असा एखादा भट्टीवाला असेल, ज्याला विस्तवाची पारख हातानेच होते. काकांचे तसेच होते. सोलापुरात घरोघरी वीज पोचली नव्हती, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतच तारा आल्या होत्या, तेव्हा गोऱ्यांच्या क्लबातली विजेची भट्टी विकायला निघाली आणि काकांनी ती आणली. लाकडाची जुनी भट्टी पाडून तिथे ही बसवली. "जाळ न्हाय, धूर न्हाय. बगा की मास्तर!" असे ते मला, शाळामास्तराला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दाखवत. पूर्वी विटांचा रंग बघून अंदाज यायचा. या लोखंडी पेटीवर होती ती इंग्रजी तबकडी, आणि ती काकांना वाचता येत नसे. उरला फक्त हात.

एका वर्षी दसऱ्यानंतर काकांची तक्रार सुरू झाली. भट्टी तापायला लई वेळ लावते.

वायरमन आला. त्याने मागचा पत्रा काढला, जुनी वायर बदलली, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत नवी दोरी बसवली. मग बटण दाबून आतल्या तारा दाखवल्या. सगळ्या लालबुंद.

"चाचा, अब और कितना गरम होना? लोहा पिघलाते क्या?"

"तुज्या वायरीत दम न्हाय," काका म्हणाले.

दिवाळी जवळ आली. गल्लीतल्या बायका घरी नानकटाई मळून ताटे भाजायला आणू लागल्या आणि परत नेताना तोंडे वाकडी करू लागल्या. "काका, नानकटाई सांगितली होती. कोळसे न्हाईत!" सगळ्या हसल्या. काकाही हसले, पण लगेच भट्टीकडे वळून तिच्याकडे असे बघत राहिले, की मला ते हसू खरे वाटले नाही. वर्षाची कमाई या आठ-पंधरा दिवसांतली. तिसऱ्या दिवशी निम्म्या बायका दुसऱ्या बेकरीकडे गेल्या.

"मास्तर, तुमी इंग्रजी शिकल्याले. ह्यो काटा काय म्हनतोय बगा."

मी तबकडी वाचली. काटा पार पुढे गेला होता. "काका, भरपूर तापली आहे."

"मग काटा खोटं बोलतोय." त्यांनी दार उघडून हात आत घातला आणि तसाच ठेवून माझ्याशी बोलू लागले. दिवाळीनंतर वायरमनला पुन्हा बोलवायचे, नाहीतर भट्टी विकायची, असे काहीतरी. त्यांचे मनगट दाराच्या तापल्या लोखंडाला टेकले होते. मला ते दिसत होते, पण ते इतके शांतपणे बोलत होते की माझा विश्वास बसेना. मग वास आला. तो नानकटाईचा नव्हता.

आतून काकू धावत आल्या. त्यांनी हात ओढून बाहेर काढला आणि पदराने पीठ पुसले. मनगटावर कातडी सोलली होती. वर, एरवी पिठाखाली झाकला जाणारा, फिकट डाग होता.

"दुखंना व्हय?" काकूंनी विचारले.

काकांनी दुसऱ्या हाताच्या नखाने डागावर दाबले. आणखी जोरात दाबले. "न्हाय."

काकांनी बटण बंद केले. माझ्या घरचे ताट फळीवर तयार होते. मी हात पुढे केला तसे ते मध्ये आले. "ऱ्हाऊ द्या मास्तर. माजा हात लागलाय त्याला."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली आणि त्या रोगाचे नाव सांगितले. आमच्याकडे ते नाव मोठ्याने घेत नसत; तो रोग झालेल्याला गावाबाहेर राहावे लागे. तरी संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झाले होते.

दिवाळीच्या आत दोघे निघाले. टांगेवाल्याने नकार दिला, म्हणून पायीच, कुंभारीच्या वाटेने. कुठे जाणार, ते मी विचारले नाही. काकू डोक्यावर ट्रंक घेऊन पुढे होत्या, काका बरेच मागे. काकू त्यांच्यासाठी थांबल्या, की काकाही थांबत. त्या चालू लागल्या की मगच पाऊल उचलत. वाट वळेपर्यंत मी पाहत होतो; ते अंतर काकांनी एकदाही कमी होऊ दिले नाही.