माधवकाकांची थाळी

माधवकाका गेल्याचं त्यांच्या इंग्लंडात वाढलेल्या मुलीनं, अंजलीनं, फोनवर मोडक्या मराठीत सांगितलं तेव्हा मी सुपरमार्केटात कोथिंबीर हुंगत उभा होतो. "काका, बाबा सकाळी गेला... आणि तो थाळी तुमच्यासाठी ठेवला आहे." खरं सांगतो, जुडी तशीच ठेवून बाहेर पडलो ते दुःखानं नव्हे. दुःख नंतर आलं, घरी, चहा गाळताना. आधी आली ती भीती. थाळी माझ्याकडे येणार म्हणजे रविवारची माणसंही माझ्याच गळ्यात पडणार!

नॉटिंगहॅमच्या बस डेपोत जन्म काढलेले काका निवृत्त झाले आणि प्राचीन चिनी युद्धशास्त्राच्या नादी लागले. लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि वाचलेलं सगळं आमच्या मराठी वॉकिंग ग्रुपवर चालवून बघायचं. आम्ही काकांसकट बारा जण. निम्म्यांना गुडघेदुखी, उरलेल्यांना मधुमेह. "लढाईच्या गदारोळात सेनापतीचा आवाज पोचत नाही," ते पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरपायथ्याला, कार पार्कमध्ये समजवायचे. "म्हणून चिनी सैन्यात पुढे जायला नगारा, मागे फिरायला घंटा. धीट एकटा पुढे पळत नाही, भित्रा एकटा मागे पळत नाही." नगारा काही अंजलीनं घेऊ दिला नाही. स्टीलची थाळी आणि डाव मात्र मिळाला. थाळी वाजली की फिरायचं. का, ते खाली आल्यावर विचारायचं.

दोन वर्षांपूर्वी धुकं उतरलं आणि थाळी वाजली. मी सगळ्यांच्या पुढे, माथ्यावर पहिला पोचायची पैज मारून बसलेला... ऐकूच आलं नाही असं केलं. पाच मिनिटांत माथा नाही, वाट नाही, स्वतःचे बूटही दिसेनात. एका दगडी कुंपणाला पाठ लावून बसलो. थाळी वाजत होती, पण घडीत डावीकडून, घडीत थेट दरीतून. आधी लाजेनं ओ देईना, मग भीतीपुढे लाज टिकेना. "अहो काका, मेलो!"

"मेलेला माणूस एवढा ओरडत नाही. ऊठ."

खाली सगळ्यांसमोर हजेरी घेतील म्हणून मी मान खाली घालून उभा. काका म्हणाले, "चूक माझी. हुकूम समजला नाही तर दोष हुकूम देणाऱ्याचा." हुकूम त्यांनी तीनदा सांगितला होता! झापलं असतं तर परवडलं असतं. वर हळूच म्हणाले, "प्रदीप, माझ्यानंतर थाळी तुझी."

"काका, मी एक नंबरचा भित्रा आहे."

"माहीत आहे. म्हणून वेळेवर वाजवशील."

गेल्या रविवारी त्यांच्याशिवाय पहिला वॉक. माथ्याच्या अलीकडे एक ढग खाली आला. लहानसाच. दहा चेहरे माझ्याकडे वळले आणि माझा हात डावाकडे गेला. "थोडंच तर राहिलंय," कुणीतरी म्हणालं, अगदी पूर्वी मी म्हणायचो तसं. मी थाळी बडवली. दहाही जण मुकाट फिरले, ते बघून तर मी आणखीनच घाबरलो. कार पार्कमध्ये पोचतो तो लख्ख ऊन! माथ्यावरची मेंढरं मोजावीत इतकं स्वच्छ. पुण्याहून नुकतीच आलेली मृणाल म्हणाली, "काका, का फिरवलंत हो?"

"भीती वाटली म्हणून."

हशा पिकला. मीही हसलो आणि हसता हसता डोकी मोजली. दहा आणि मी. वर गेलो होतो तेवढेच.

थाळी आता माझ्या गाडीत, मागच्या सीटखाली असते. प्रत्येक राउंडअबाउटला खणकते. "अहो, टॉवेलात तरी गुंडाळा तिला," बायको वैतागते. मी गुंडाळलेली नाही. ती खणकली की माझा पाय ब्रेकवर जातो... आता पहिल्याच आवाजाला.