आत्याचं ‘विशेष काही नाही’

माझी आत्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. गाडीची वेळ कोणीही सांगेल, पण भांबावलेल्या माणसाला धीर द्यावा तो तिनेच. दोन वर्षांपूर्वी आजारपणात तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ती हसली की ओठ एकीकडेच ओढला जातो आणि समोरच्याला वाटतं, बाई आपली टिंगल करतेय. तक्रारी गेल्या. साहेबांनी सांगून टाकलं, असंच चाललं तर पार्सलच्या कोठीत बसा. तिथे माणूस फिरकत नाही. आत्या तिथे वेडी होईल.

मी परदेशात नोकरी करते. इथे असे चेहरे सुधारणारा एक दवाखाना आहे. आत्याच्या हातापाया पडून एकदाची तिला घेऊन आले आणि वाटलं, सुटले बाई.

कसली सुटतेय! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुम्हाला काय त्रास होतो?” मी ते मराठीत सांगितलं. आत्या सावरून बसली आणि म्हणाली, “तसं विशेष काही नाही.”

मी कपाळावर हात मारला. ही बाई कोणाच्या घरी पहिल्या विचारण्याला चहासुद्धा घेत नाही, ती दुखणं काय सांगणार? आमचे तिकडचे नेहमीचे डॉक्टर तिला ओळखून आहेत. ते “बरं, आणखी?” म्हणून थांबतात, मग आत्या बोलायला लागते. या डॉक्टरांनी मात्र मान डोलावून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग मीच सगळं सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. “मला त्यांच्याकडून ऐकायचंय. त्यांना कोणी भरीला घातलंय का, विचारा.”

विचारलं. माझं कौतुक करायची संधी आत्या सोडते थोडीच! “सगळं हिनेच केलं हो. तिकीट काढलं, दवाखाना शोधला. मी तर काही म्हटलंसुद्धा नव्हतं.”

आता हे कोणत्या तोंडाने सांगू? सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हातारीला पळवून आणलंय. त्यांनी फोनवरून दुसरी दुभाषी मागवली.

पलीकडून मराठी आवाज आला. आत्या खूश झाली. “जेवलीस का गं?”

“बाई, मी फक्त दोघींचं बोलणं पोचवते,” ती म्हणाली आणि डॉक्टरांचा प्रश्न पोचवला.

“तसं विशेष काही नाही,” आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. “ज्यांची इच्छा नाही, त्यांच्या चेहऱ्याला मी हात लावत नाही.” बोलणं रास्त होतं, म्हणून तर माझा जास्तच संताप झाला.

“आमच्यात एकदा विचारलं म्हणजे विचारलंच नाही,” मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. “पुन्हा विचारा. मी मध्ये बोलणार नाही.” आणि रागाने खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.

त्यांनी पुन्हा विचारलं. “अहो, या वयात काय करायचंय चेहऱ्याला,” आत्या म्हणाली. तरी त्या थांबून राहिल्या. मग त्यांनी आणखी एकदा विचारलं, अगदी हळू.



“एक गृहस्थ आले होते खिडकीशी,” आत्या म्हणाली. “हातातले सुटे पैसे खाली पडले. मी म्हटलं, असू दे, बसा, गाडी लागली की मी हाक मारते. धीर यावा म्हणून हसले. ते म्हणाले, माझा मुलगा गेलाय आणि तुम्ही हसताय?”

मी खुर्ची वळवली. आत्या माझ्याकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या फोनकडे पाहत होती.

“मी सांगायला गेले, तर तेवढ्यात गाडी लागली. ते गेले निघून. त्यांना कोण सांगणार आता? तेव्हापासून मी खिडकीत हसत नाही. घरी हसत नाही. आरसा समोर असला तर तिथूनही उठते. मला नीट हसता यायला हवंय हो, दुसरं काही नको.”

फोनवरून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई अर्थ कळायची वाट पाहत होत्या. शेवटी मीच सांगायला तोंड उघडलं, तर मलाही रडू फुटलं.

“अगं, सांगा ना कोणीतरी त्यांना,” आत्या म्हणाली.