नाव गाळणार नाही

कबासिंगुझी माझी चुलत बहीण. गावाला मात्र ती अब्वोली. आमच्याकडे प्रत्येकाला मायेनं आणि मानानं हाक मारायचं असं एक वेगळं नाव असतं. लहानपणी सरपणाला गेली की चिंपांझी बघत बसायची आणि रिकाम्या हातानं परतायची. काकू कावायची, "लग्नच कर त्यांच्यातल्या एखाद्याशी!"

"करते की. पण मुलीबद्दल द्यायच्या गाई तो देणार नाही हं तुला!"

कंपालाला शिकली, संशोधन करून डॉक्टर झाली. आमच्या जंगलातल्या चिंपांझींवर तिनं लिहिलेलं जगभर गाजलं. रेडिओवर ती बोलायला लागली की काका आवाज वाढवून दार सताड उघडं ठेवायचा.

पुढं जंगल तुटलं, ऊस आला. भुकेले चिंपांझी केळीत शिरू लागले. एका सकाळी ओढ्यावर गावातली न्यांगोमा पाणी भरत होती, आणि एका दांडग्या नरानं तिची चिमुरडी तुहाइसे ओढून नेली. पोर वाचली नाही.

अब्वोली धावत आली तेव्हा गडी फणसात विष भरत होते.

"आलीस? तुझ्या सोयऱ्यांनी पोर मारली," त्यांच्यातला अराली म्हणाला.

"हो, मारली. मी झाकणार नाही. पण जंगल विकलं कुणी, चिंपांझींनी? आणि हा फणस उद्या आपल्याच पोरानं उचलला तर?"

तिनं फणस उचलून संडासाच्या खड्ड्यात टाकले. कुणी अडवलं नाही. मग ती न्यांगोमाच्या दारी जाऊन बसली. न्यांगोमानं पाठ फिरवली, तरी पोरीला माती देईपर्यंत ही उठली नाही.

अब्वोलीच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या परदेशी संस्थेची माणसं पुढं चित्रपट काढायला आली. त्यांचा साहेब म्हणाला, "डॉक्टर, त्या मुलीचं राहू द्या. लोक घाबरतील, देणग्या आटतील."

"तिचं नाव गाळता? मग माझंही गाळा."

त्यांनी खरंच गाळलं. पैसाही थांबला. अब्वोली जवळच्या होइमा शहरातल्या शाळेत शिकवू लागली, रविवारी जंगलात जायची. कुठंही भाषणाला बोलावलं की सुरुवात तुहाइसेपासून. माणसं उठून जायची, ही बोलत राहायची: आधी घराजवळ हापसा द्या, मग माझं संशोधन. अखेर एका छोट्या विद्यापीठानं ऐकलं. आता आमची पोरं ओढ्यावर जात नाहीत. न्यांगोमा हापशावर येते, अब्वोलीशी अजून बोलत नाही.

गेल्या महिन्यात ऊसमळ्याच्या मालकांनी तिला चहाला बोलावलं. ओढ्याकाठची जमीन सोडा, तिथं चिंपांझींसाठी झाडं लावायचीत, एवढंच तिचं मागणं.

"किती वर्षं तेच मागणार, मॅडम?"

"आमच्या घरात बायका शंभरी गाठतात," ती म्हणाली, आणि आणखी साखर मागितली.