स्वतःच्या नावाची ओळ

सकाळपासून आभाळ खाली उतरून बसलं होतं. पडत नव्हतं आणि उघडतही नव्हतं. वारा ठार बंद. हॉस्पिटलच्या फाटकापासून तळघराच्या उतारापर्यंत येईतो बाईंचे कपडे अंगाला चिकटले, आणि तळघराचं दार ढकलल्याबरोबर तोच घाम गार पडून अंगावर काटा आला. हे रोजचंच होतं. बाहेर भट्टी, आत हिवाळा. मशिनांना गारवा लागतो. माणसं काय, स्वेटर घालतील. दाराआडच्या खिळ्यावरचा, कोपरांवर विरलेला स्वेटर बाईंनी अंगात अडकवला, डबा कपाटात ठेवला, चष्मा पुसला आणि स्क्रीन चालू केली.

स्क्रीनवर हळूहळू झाड उगवलं. हॉस्पिटलच्या सर्व्हरवर त्या घटकेला जे जे चालू असेल त्याची एकेक ओळ. एका प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, दुसरीला जन्म दिला असेल तर आई वर, पोर तिच्याखाली जरा आत सरकून, नातवंडं त्याहून आत. नुकत्याच जन्मलेल्या हिरव्या, मरायला टेकलेल्या लाल, झोपलेल्या करड्या. प्रत्येकीपुढे वरखाली धावणारा एक बारीक आलेख. आई मेली आणि पोरं मागे राहिली तर झाड त्यांना उचलून थेट सगळ्यात वरच्या पहिल्या प्रोसेसच्या, मूळ पुरुषाच्या, पदरात टाकतं. “आमच्याकडे अनाथांची सोय आहे, माणसांत नसली तरी,” असं बाई नव्या माणसाला सांगायच्या आणि स्वतः मात्र हसायच्या नाहीत.

लॅबवाल्या मॅडमनी त्यांना नाव ठेवलं होतं नाडीवाल्या बाई. वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसांची नाडी बघतात, तळघरात बाई प्रोग्रॅमांची. नाव चिकटलं ते चिकटलंच. शिपाईसुद्धा “नाडीवाल्यांचं टपाल” म्हणून ओरडायचा.

मुळात बाई इथं टायपिस्ट म्हणून लागलेल्या. कॉम्प्युटर विभागाच्या तेव्हाच्या थोरल्या साहेबांनी त्यांना उचलून खाली आणलं. “तुमची नजर एका जागी बसते,” म्हणाले, “बाकीच्यांची माशीसारखी उडते.” नजर बसली ती अशी बसली की उठायचं नाव नाही. चष्म्याच्या काचा जाड होत गेल्या, मान आखडली, मुलगी शिकून लांब निघून गेली. नवरा बेकरीत रात्रपाळीला. दोघांची भेट सकाळी उंबऱ्यावर. तो पिठाने पांढरा होऊन आत येणार, ह्या बाहेर पडणार.

“दूध तापवलंय.”

“बरं.”

“आणि ते नळाचं...”

“संध्याकाळी बोलू.”

संध्याकाळी ह्या घरी यायच्या तेव्हा तो निघालेला असायचा. नळ आपला गळत होता.

थोरल्या साहेबांनी पहिल्या दिवशी बाईंना एक सवय लावली होती. स्वतःच्या नावावर चालणाऱ्या ओळी लपवायच्या. कारण ज्या प्रोग्रॅममधून आपण बघतो तोही एक प्रोग्रॅमच. तोही झाडात दिसतो, त्याची पोरंबाळं दिसतात, आणि बघणाऱ्याचाच गोतावळा एवढा होतो की पेशंट दिसेनासा होतो. “आरशात आपलंच तोंड बघत बसलो तर काम कधी करायचं?” असं ते म्हणायचे. ते कधीच निवृत्त झाले, पण खोलीतला प्रत्येक जण अजूनही आल्या आल्या ‘माझ्या ओळी लपवा’ या चौकोनात बरोबरची खूण करायचा. झाड कसं झाडून काढल्यासारखं स्वच्छ दिसायचं.

फोन वाजला. हल्ली सकाळचा पहिला फोन लॅबचाच असायचा.

“काय हो नाडीवाल्या बाई, नाडी लागली का हाताला? की गेला पेशंट?”

“बघतेय मॅडम.”

“बघताय, बघताय! मुलगी दाखवायला आणलीय का आम्ही? खिडकीवर लोक माझ्या अंगावर येतायत. एक जण तर म्हणाला, रक्त काय हातगाडीवरून पाठवता का लॅबमध्ये? काय उत्तर देऊ मी?”

बाईंनी फोन ठेवला. गेले काही आठवडे हेच चाललं होतं. दुपारनंतर सगळं सुरळीत. सकाळी सगळ्या वॉर्डांतून रक्त-लघवीचे नमुने एकदम आले की रिपोर्टांचा प्रोग्रॅम चिखलात पाय रुतल्यासारखा चालायचा. रिपोर्ट तयार असायचे आणि बाहेर पडायचे नाहीत. वर डॉक्टर खोळंबलेले, खाली नातेवाईक खोळंबलेले. आणि तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायचा तर लॅबची परवानगी, वॉर्डांची परवानगी, आताच्या साहेबांची सही. म्हणून त्याला कुणी हातच लावत नव्हतं.

खापर फोडायला डोकं मात्र तयार होतं, आणि तेही चांगलं उंचावर. लंबू हा कंत्राटावरचा प्रोग्रॅमर. तळघराच्या दारातून त्याला वाकूनच आत यावं लागे. रिपोर्ट परस्पर वॉर्डांत पोहोचवणारा नवा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता, आणि तो सुरू झाला नेमका त्याच सुमाराला हे दुखणं लागलं. आज दुपारी साहेबांकडे बैठक होती. लंबूचा प्रोग्रॅम काढायचा आणि मागोमाग लंबूलाही, हे जवळपास ठरल्यातच जमा होतं. बाईंनी फक्त झाडाचं चित्र पुढे ठेवून “होय, हाच” म्हणायचं. लंबूच्या याआधीच्या नोकऱ्या अशाच कुठल्या कुठल्या बैठकीत गेल्या होत्या. ही गेली की बिऱ्हाड उचलून बायकोसकट सासऱ्याच्या दारात, असं तो एकदा बोलून गेला होता, आणि सासरा कसा आहे तेही.

बाईंच्या तोंडून “हाच” काही निघेना. लंबूच्या ओळी त्यांनी पुन्हा पुन्हा तपासल्या. आलेख सपाट, भांडण ना तंटा. बिघडलेली होती ती रिपोर्टांची मोठी प्रोसेस, आणि तीही विचित्र रीतीने. राबताना दिसत नव्हती, थांबताना दिसत होती. पाऊल टाकलं की उभी, टाकलं की उभी. कुणीतरी प्रत्येक पावलाला हटकावं तशी.

“अरे,” बाई मान चोळत पलीकडच्या टेबलावरच्या लंबूला म्हणाल्या, “तुझ्या जागेवरून बघू का जरा? तुझ्या बाजूने कसं दिसतं ते.”

लंबू उठला. “बघा की. आता लपवायला उरलंय काय? मी चहा आणतो. शेवटचा.”

“गप रे. तोंडाला येईल ते बोलू नकोस.”

त्याची खुर्ची त्याच्याच मापाने वर चढवलेली. बाईंचे पाय जमिनीला टेकेनात. लहान मुलीसारखे पाय लोंबकळत ठेवून त्यांनी चष्मा सारखा केला. स्क्रीनवर तेच झाड, त्याच फांद्या. फक्त इथे लंबूच्या ओळी लपलेल्या होत्या, आणि बाईंच्या उघड्या होत्या.

अगदी तळाशी, मूळ पुरुषाच्या पदरात पडलेली एक अनाथ ओळ. नाव बाईंचं. तिच्यापासून निघालेली तुटक रेघ सरळ वर जाऊन रिपोर्टांच्या प्रोसेसला भिडलेली.

बाईंना आठवलं. काही आठवड्यांपूर्वी, घरी निघता निघता, लॅबचा एक रिपोर्ट अडकला होता. म्हणून त्यांनी प्रोसेसवर माग लावला होता. माग लावला की ती प्रोसेस सर्व्हरला जे काही मागेल, ही फाइल उघड, तो आकडा लिही, त्या एकेका मागणीची नोंद होते. आणि नोंद पुरी होईस्तोवर तिला जागच्या जागी थांबावं लागतं. संध्याकाळी काम तुरळक, त्यामुळे ते थांबणं कुणाला जाणवत नाही. रिपोर्ट सुटला, बाईंनी स्क्रीनवरची खिडकी बंद केली, दिवा मालवला आणि बस गाठली. खिडकी बंद झाली. माग बंद झालाच नव्हता. तो आपला इमानदारीत रोज सकाळी हॉस्पिटलभरच्या रक्ताला हटकत उभा होता. आणि बाई रोज सकाळी आधी तो लपवत होत्या, मग त्याला शोधायला बसत होत्या.

लंबू वाकून आत आला, दोन्ही हातांत पेले. बाईंचं बोट स्क्रीनवर बघून तो तिथंच थबकला.

“हे तू कधीपासून बघतोयस?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि बोलला नाहीस?”

“काय बोलू?” त्याने पेले जपून टेबलावर ठेवले. “मला वाटलं, साहेबांनी लावायला सांगितलंय. माझ्यावर नजर ठेवायला.”

“अरे, माग रिपोर्टांवर आहे, तुझ्यावर कुठाय?”

“माझा प्रोग्रॅम हात लावतो तो रिपोर्टांनाच ना? म्हटलं, बाई पुरावा गोळा करतायत. पुरावा गोळा करणाऱ्याला कुणी सांगतं का, बाई, जरा आवरा म्हणून?”

“त्याने काम मंदावतं हे तुला कळत नव्हतं?”

“तुम्हाला कळत नव्हतं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. लंबूच ओशाळला. “शंका होती, बाई. पण तुमच्याकडे बोट केलं असतं तर सगळे काय म्हणाले असते? स्वतःचं झाकायला बाईंवर ढकलतोय. इतकी वर्षं तुम्ही इथं. माझं कोण ऐकणार?”

मग बाई खुर्चीवरून घसरत खाली उतरल्या, आपल्या जागेवर गेल्या, चौकोनातली खूण काढली आणि स्वतःच्या नावाची ती ओळ शोधून संपवली. क्षणभर लाल होऊन ती गेली. रिपोर्टांच्या आलेखाने एकदम उसळी मारली आणि मग तो सरळ चालू लागला.

फोन वाजलाच.

“आले हो आले! बदाबदा आले! प्रिंटर थांबायला तयार नाही. काय केलंत काय?”

“सांगते बैठकीत,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“सांगू नका,” लंबू घाईने म्हणाला. “झालं ना नीट? म्हणू, आपोआप सुटलं.”

“आपोआप सुटलं म्हटलं की पुढे काय होतं, ठाऊकाय? पुन्हा होऊ नये म्हणून तुला काढतील. तुला ठेवायचं कारण तरी काय त्यांच्याकडे?”



साहेबांची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीची. लिफ्ट स्ट्रेचरांसाठी अडलेली, म्हणून बाई जिन्याने चढल्या आणि दोनदा कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आत साहेब पोटावर हात ठेवून बसलेले; त्यांचं पित्त बैठकीच्या दिवशी हमखास खवळायचं. समोर लॅबवाल्या मॅडम. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. चित्र आणलंच नव्हतं.

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाल्या, “म्हणजे चोर धरायला आलेल्या पोलिसाचीच गाडी रस्त्यात आडवी होती म्हणा की! आणि मी बिचाऱ्या त्या लांबोळक्याला वाट्टेल ते बोलत होते.”

“मीही काही बोलले नाही त्याच्या बाजूने,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी डोळे मिटले, उघडले. “बाई, हे लेखी द्यावं लागेल.”

“देते.”

“तुमच्या बढतीचा कागद वर गेलाय, माहितीय ना? लेखी आलं की तो खाली येणार. पुन्हा कधी जाईल, मी सांगू शकत नाही.”

बढती म्हणजे याच मजल्यावरची एक खोली. स्वेटर नको, दिवसाउजेडी दिसणारं आभाळ. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ तिथूनही तसंच, मळकट पोतेऱ्यासारखं.

“आला तर आला खाली,” त्या म्हणाल्या. “हे जिने रोज चढायला माझ्या गुडघ्यांनी तरी कुठे अर्ज केला होता?”

मॅडम हसल्या. साहेब हसले नाहीत. “आणि ते ओळी लपवायचं काय आहे, ते सगळ्यांचं बंद करा.”

“माझं केलंय. बाकीच्यांना आज सांगते. आणि लंबूचं?”

“त्याचं काय? त्याच्यात खोट नाही म्हणता ना? मग राहू द्या.” खोलीत एखादी जादा खुर्ची राहू द्यावी तशा सुरात.

“हे तुम्हीच त्याला सांगितलंत तर बरं, साहेब. त्याला वाटतंय तुम्ही त्याच्यावर पहारा बसवलाय.”

“मी?” साहेबांना खरंच नवल वाटलं. मग त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाण्याचा पेला उचलला. “तुम्ही खालीच चाललाय, सांगून टाका. माझ्या मागे अजून दोन बैठका आहेत.”

बाई जिना उतरल्या. उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त कुरकुरतात. लंबू दारातच उभा होता, वाकून, आत ना बाहेर.

“राहिलास,” त्या म्हणाल्या.

तो मटकन पायरीवर बसला. एवढा उंच माणूस बसल्यावर केवढासा दिसत होता. “आणि तुमचं?”

“माझं काय व्हायचंय? मी आहेच.”

“घरी फोन करू?”

“कर की. सासऱ्याला मात्र कळवू नकोस इतक्यात. आनंदाने झीट यायची त्याला.”

लंबूला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोहोचता पोहोचता थकलं. फोन घेऊन तो उताराकडे गेला. बाईंनी लेखी द्यायला कोरा कागद ओढला, वर तारीख टाकली, आणि ‘महोदय’ लिहून झालं तोच लॅबचा फोन आला.

“बाई, प्रिंटरने कागद गिळला हो. इतक्या दिवसांचा उपाशी, एकदम खायला मिळालं ना. येता का?”

“येते. ओढू नका कुणी, फाटेल.”

कागद तसाच ठेवून, स्वेटर खिळ्याला अडकवून बाई निघाल्या. लॅबच्या खिडकीवरची गर्दी पांगली होती. एक म्हातारा तेवढा रिपोर्ट उलटासुलटा धरून बाकावर बसलेला. बाईंनी त्याचा कागद जाता जाता सुलटा करून दिला. मग प्रिंटरचं झाकण उघडलं, रबरी रूळ अंगठ्याने हळूच मागे फिरवला, आणि चुण्या पडलेल्या कागदाचं टोक चिमटीत धरून त्या तो थोडा थोडा बाहेर काढू लागल्या.