गोरक्षनाथाचं गेरूचं बोट

नवीन जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पायलीचे पन्नास मिळतील. त्यातल्या एकोणपन्नासांना औषध एकच ठाऊक: विंडोज मारा, म्हणजे आहे ते सगळं पुसून नवं टाका. मशीन सुरू होत नाही? मारा. हळू चालतं? मारा. आत कुणाच्या लग्नाचे फोटो आहेत की कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध आहे, हे बघायची तसदी कोण घेतो! गोरक्षनाथ हा उरलेला पन्नासावा. आणि ते त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं, की बाकीच्या जगाबद्दल त्याच्या तोंडून बरा शब्द निघत नसे.

स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टांगलेल्या वायरींचा गुंता. कुणी मशीन उचलून आणलं की तो आधी विचारायचा, "काय केलं होतं?"

"काय न्हाई केलं भाऊ. आपोआप झालं."

"आपोआप फक्त गवत उगवतं. बसा तिकडं."

त्याची ही जीभ सगळे सहन करायचे, कारण त्याच्या हातून कधी कुणाची फाइल गेली नव्हती. मरायला टेकलेल्या डिस्कवरची चालती सिस्टिम तो जशीच्या तशी उचलून नव्या डिस्कवर ठेवायचा. मशीन पुन्हा चालू झालं की पडद्यावरचं चित्रसुद्धा जागचं हललेलं नसायचं. त्यासाठी त्याच्याकडे एक काळी पेटी होती. तिला दोन खाचा आणि एक बटण. डावीकडच्या डिस्कमध्ये जे असेल ते उजवीकडच्या डिस्कवर उतरवायचं, एवढंच त्या पेटीला कळे. पडदा नाही, प्रश्न नाही. डिस्का उलट लावल्या तर ती कोरी डिस्क भरलेलीवर उतरवील आणि होतं नव्हतं ते पुसून मोकळी होईल.

म्हणून त्यानं बापाची युक्ती उचलली होती. त्याचा बाप सांडू अंबडकडे मेंढरं राखायचा. दोन कळप जवळ आले की स्वतःच्या मेंढराच्या कपाळावर गेरूचं बोट ओढायचा. गोरक्षनाथानं मेंढरं सोडली, गेरू सोडला नाही. खिशातल्या डबीत तो गेरू कालवून ठेवायचा आणि भरलेल्या डिस्कवर बोट ओढायचा. गेरूवाली डावीकडे. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही. माणसाचं डोकं फिरायला अकरा वर्षं पुष्कळ होतात.

वैशाखात त्याला बियाण्याच्या एका लहानशा कंपनीतून बोलावणं आलं. तिथलं मुख्य मशीन तीन दिवसांतून एकदा सुरू व्हायचं. एरवी काळा पडदा, आणि वर एक पांढरी ओळ, की सुरू करायला डिस्कच सापडत नाही. मालक राधेश्याम शेठ रोज सकाळी मशीनला नमस्कार करून बटण दाबत. मशीन नास्तिक असावं.

आत काय होतं ते शेठना नीट माहीत नव्हतं. कचरूमामांना माहीत होतं. कचरूमामा कंपनीच्या चाचणीच्या प्लॉटवरचे मुकादम. चौदा वर्षं त्यांनी उन्हात उभं राहून कपाशीच्या झाडाझाडावरची बोंडं मोजली होती आणि दोन बोटांनी एकेक आकडा त्या मशीनमध्ये टाकला होता. कोणत्या वाणानं पावसाची ओढ सोसली, कोणतं अळीनं खाल्लं, सगळं त्यात. दिवाळीला ते घरी बसणार होते. ती चौदा वर्षं गेली असती तर मामांच्या आयुष्याचं नाव सांगायला एक कागद उरला नसता.

"कॉपी ठेवली का दुसरीकडं?" गोरक्षनाथानं विचारलं.

शेठनी ऐटीत ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात सहाशे चाळीस फाइली होत्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटा बाण. सगळे शॉर्टकट. घर हलवायचं म्हणून दारावरची पाटी काढून नेली, असला प्रकार.

"शेठ, हे कोणी केलं?"

"मी स्वतः केलं."

"तरीच," गोरक्षनाथ म्हणाला. मग कचरूमामांकडे वळला. "आन् तुम्ही मामा? चौदा साल बोंडं मोजली, एक डिस्क मोजता आली न्हाई? एकच हाये, दोन पायजेत, येवढं बी कळलं न्हाई?" वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बोलताना त्याला काही वाटलं नाही.

त्यानं मशीन खोललं. जुनी डिस्क धुळीनं माखलेली होती. तिच्यावर गेरूचं बोट ओढलं आणि ती नव्या डिस्कशेजारी टेबलावर ठेवली. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. मग शेठच्या पेन ड्राइव्हची गोष्ट चहाच्या टपरीवर सांगायची घाई झाली म्हणून तो खाली गेला.

ऑफिसात झाडलोट आणि चहा नंदाबाईंकडे होता. नवी वस्तू घरात आली की हळदीकुंकू लावल्याशिवाय ती वापरायची नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी नव्या डिस्कला हळद लावली, वर कुंकवाचं बोट टेकवलं. शेजारच्या जुनीवर धूळ होती आणि कुणीतरी पान खाऊन बोट पुसल्यासारखा लाल डाग होता. त्या ऑफिसात जिन्यापासून खिडकीपर्यंत तसले डाग होते. ओला फडका घेऊन त्यांनी ती लख्ख पुसून ठेवली.

गोरक्षनाथ वर आला. टेबलावर एक लाल बोटाची, एक बिनबोटाची. लाल डावीकडे घातली, दुसरी उजवीकडे.

"भाऊ," नंदाबाई म्हणाल्या, "ती तर नवीवाली हाये. म्या आत्ताच तिला..."

"बाई, तुमाला काय कळतं? चहा ठेवा."

आणि त्यानं बटण दाबलं.

दिवे लुकलुकायला लागले. नंदाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या बाहेर जाऊन कचरूमामांना सांगून आल्या. मामा आत आले, वाकून पेटीकडे बघितलं आणि म्हणाले, "गोरख, गेरू वाळला की मातकट पडतो. हे कुंकू हाये बाबा."

त्यानं बोट घासलं. लालाखालून पिवळी हळद निघाली.

वायर त्यानं उपटली, पण बारा मिनिटं झाली होती. जुनी डिस्क दुकानात नेऊन बघितली तेव्हा पुढचा भाग धुऊन निघाला होता. विंडोज गेलं, बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं छापायचा प्रोग्राम गेला, आणि कोणती फाइल कुठे आहे आणि तिचं नाव काय, ती यादीच गेली. डिस्कच्या मागच्या भागातल्या मामांच्या फाइली हुडकून काढता आल्या. पण नाव नाही, साल नाही. नुसते नंबर.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून राधेश्याम शेठ नंदाबाईंवर ओरडायला लागले. कशाला हात लावला, अडाणीपणा आहे सगळा, उद्यापासून येऊ नका. गोरक्षनाथ गप्प राहिला. चांगलं अर्धं मिनिट गप्प राहिला, आणि त्या अर्ध्या मिनिटात तो त्या एकोणपन्नासांपेक्षाही खालच्या पायरीवर उभा होता. मग कसाबसा बोलला, "शेठ, त्यांनी सांगितल्तं मला. म्याच ऐकलं न्हाई." नंदाबाईंचं काम तेवढं टिकलं.

पुढचे नऊ दिवस तो कचरूमामांच्या शेजारी बसला. तो फाइल उघडायचा, मामा चष्मा सावरून आकडे बघायचे.

"थांब. एका झाडाला अकरा बोंडं, आन् सातवी ओळ रिकामी. ही पाऊस न्हवता त्या सालची. सातवी ओळ रानडुकरानं उकरल्ती. लिही, प्लॉट चार."

गोरक्षनाथ लिहायचा. सहाशे चाळीस वेळा मामांनी आकड्यांचं तोंड बघून साल सांगितलं. चुकले फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा स्वतःच परत येऊन दुरुस्त केलं. ज्या माणसाला एक डिस्क मोजता येत नाही असं तो म्हणाला होता, त्याच्या डोक्यात सगळं रान उभं होतं. गोरक्षनाथाला लाज वाटली, आणि ती लाज नऊ दिवस रोज नव्यानं वाटत राहिली. त्याला बाप आठवला. पावसात कळपाचा गेरू धुऊन जायचा, तरी सांडू एकेका मेंढराचं तोंड बघून आपलं ओढून घ्यायचा. गेरू परक्यांसाठी होता. बापाला त्याची गरज कधीच नव्हती. हे त्यानं लहानपणी शंभरदा बघितलं होतं आणि उचलला होता फक्त गेरू.

दहाव्या दिवशी नवं विंडोज आणि सगळ्या फाइली नव्या डिस्कवर नावानिशी बसल्या. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आता याची दुसरी प्रत काढायची, म्हणून शेठनी आणखी एक तशीच डिस्क आणवली होती. गोरक्षनाथानं भरलेली बाहेर काढली (तिच्यावरचं हळदकुंकू केव्हाच पुसलं गेलं होतं), दोन्ही टेबलावर ठेवल्या, तेवढ्यात फोन आला. फोन ठेवून त्यानं खिशातली डबी चाचपली, पण आता बोट कोणत्या डिस्कवर ओढायचं तेच आठवेना, आणि हात रिकामाच बाहेर काढला. त्यानं अंदाजानं डिस्का पेटीत घातल्या, बोट बटणावर नेलं, आणि तिथंच थांबला.

नंदाबाई कप ठेवत होत्या. कोणती वस्तू कुणी कुठं ठेवली हे त्या ऑफिसात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"नंदाबाई," त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "भरलेली कोणती वो?"

त्यांनी पेटीकडे एक नजर टाकली. मग कप उचलला आणि पदरानं टेबल पुसत म्हणाल्या, "मला काय कळतं?"

आणि चहाची किटली घेऊन त्या शेठच्या खोलीत गेल्या. गोरक्षनाथानं बटणावरचं बोट काढलं. दोन्ही डिस्का बाहेर घेतल्या, एकेक करून मशीनला लावल्या, आणि आत काय आहे ते डोळ्यांनी बघायला बसला.