बाळंतपणाला रत्नाक्का गेली

रत्नाक्का माझी थोरली जाऊ. वय एकसष्ट, शिक्षण सातवीपर्यंत. कॉटनपेटेत एका खोलीत राहते आणि त्याच खोलीत दाराशी मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करून देते. भाऊजी गेले तेव्हा ती अडतीसची होती. स्वतःचं मूल नाही. पण आमच्या घराण्यातलं एकही मूल असं नाही, ज्याला पहिले चाळीस दिवस तिनं न्हाऊ घातलं नाही. पाटावर बसून पाय लांब करायचे, पायांवर बाळ पालथं घ्यायचं आणि तांब्यानं पाणी सोडायचं. माझ्या पवित्रालाही तिनंच न्हाऊ घातलं. पवित्रा तिला दोड्डम्मा म्हणते, गल्लीतल्या कन्नड मुली थोरल्या काकूला म्हणतात तसं.

झोप येत नाही म्हणून लिहायला घेतलं आहे. काळजी करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. सवय तेवढी राहिली आहे.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये आमच्या वयाच्या लोकांना लस सुरू झाली. माझे यजमान वेणुगोपाल सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. देशात बनलेल्या प्रत्येक स्क्रूचा त्यांना अभिमान. "आपल्या लोकांनी शोधलेली लस असताना दुसऱ्यांची कशाला?" म्हणत त्यांनी कुठं कुठं फोन करून इंदिरानगरच्या एका दवाखान्यात कोव्हॅक्सिन मिळते हे शोधून काढलं. आमची दोघांची आणि रत्नाक्काची नावं घातली.

रत्नाक्का त्या दिवशी आलीच नाही. एका नवरीच्या अकरा साड्यांना फॉल लावायचे राहिले होते. चार दिवसांनी तिच्या घरामागच्या शाळेत शिबिर लागलं, तिथं जी होती ती तिनं घेतली. ती कोव्हिशील्ड होती, विलायतेत शोधलेली.

यजमानांनी तिला महिनाभर चिडवलं. "काय अक्का, साहेबाची सुई टोचून घेतलीस?"

"सुई ती सुई, वेणू. मी रोज हजार टाके घालते. साडीनं कधी विचारलं नाही सुई कुठल्या गावची."

मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. आमच्या लसीला बाहेरच्या देशांची मान्यता अजून मिळायची आहे, हे मी वाचलं होतं. पवित्रा म्युनिकला असते हेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. बाही वर केली. दुसऱ्या डोसलाही केली.

जूनमध्ये पवित्राचा फोन आला. दिवस गेले होते, जानेवारीची तारीख. जावई श्रीहर्षच्या आईला धारवाडात नवऱ्याचं अंथरुणातलं दुखणं सोडून हलता येत नव्हतं. पवित्राला पहिल्या तीन महिन्यांत दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं.

"तू येशील ना आई?"

"येईन की. मी नाही तर कोण येणार?"

सप्टेंबरमध्ये व्हिसाची माहिती वाचायला बसले. तो देश मानत असलेल्या लसींची यादी होती. कोव्हिशील्ड चालत होती. आमची नव्हती. मी पान तीनदा वाचलं, मग यजमानांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बदलतील. बदलावंच लागेल त्यांना."

त्या दिवसांत टीव्हीवर हाच विषय. त्यांनी आमचं सर्टिफिकेट मानलं नाही तर आम्हीही त्यांच्या प्रवाशांना दहा दिवस घरात बसवू, असं एक जण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, आधी आकडे छापा, मग मान मागा. आमच्या व्हाइटफील्डच्या अपार्टमेंटमध्ये खाली बाकावर तेच चालायचं. चौथ्या मजल्यावरचे मंजुनाथ आणि आमचे हे.

"राव, लस म्हणजे झेंडा नव्हे. कागद पुरे झाले की मान्यता मिळते."

"तुम्हाला गोऱ्यांचा शिक्का बसल्याशिवाय आईचं दूधही पचायचं नाही, मंजुनाथ."

"आणि तुम्हाला शिक्का नाही म्हणून विमानात चढता येत नाही, स्वामी."

लोक हसायचे. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूनं वर यायचे. मला दोघांचंही खरं वाटायचं. त्यानं काही होत नव्हतं.

ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, कोव्हिशील्डचेही दोन डोस देता का? ते म्हणाले, "पोर्टल तुमचं नाव घेणार नाही, आणि चोरून मी देणार नाही. शिकलेल्या आहात ना तुम्ही?" मी हो म्हणाले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं आमच्या लसीला मान्यता दिली. यजमानांनी पेढे आणले. मंजुनाथांच्या दारात स्वतः जाऊन दिले. मग पवित्राला फोन लावला. ती हळूच म्हणाली, "आप्पा, ते खरं, पण इथल्या यादीत अजून नाही घेतली. मी चौकशी केली. जानेवारीच्या आत घेतील असं कुणी म्हणत नाही."

पेढ्यांचा डबा उघडाच होता. रत्नाक्का दिवाळीसाठी आमच्याकडे आली होती, खाली बसून करंज्यांच्या कडा कातत होती. तिनं कातणं थांबवलं.

"वसू, कुठली चालते म्हणालीस?"

"कोव्हिशील्ड."

"म्हणजे माझी."

तिनं हातांवरचं पीठ झटकलं.

"पासपोर्ट आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पशुपतिनाथाच्या यात्रेवाल्यानं काढायला लावला होता. मग कोरोना आला. कोराच आहे."

मला आठवतं, मला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. करंजीचं सारण संपत आलंय, एवढंच दिसत होतं. मग मी म्हणाले, "सरी, ठीक आहे. तूच जा, अक्का."

तिचा अर्ज यजमानांनी भरला. लसीच्या रकान्यात एका बोटानं एकेक अक्षर टाइप करून कोव्हिशील्ड लिहिलं. लिहून झाल्यावर तपासायला माझ्याकडे दिलं. बाकावर जाणं त्यांनी त्या आठवड्यापासून बंद केलं.

डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, अळीव, सुती जुन्या साड्यांची लंगोटं, सगळं मीच बांधलं. रत्नाक्कानं पितळेचा तांब्या बॅगेत घातला आणि वर शेगडी ठेवली.

"अक्का, विमानात शेगडी नाही नेऊ देत."

"मग पोरीला धुरी कशाची देऊ? सेंटची?"

शेगडी राहिली. तांब्या गेला. विमानतळावर काचेपलीकडे तिला तपासायला थांबवलं, तेव्हा तिनं बॅगेतून आधी तो तांब्याच काढून दाखवला. मग लसीचा कागद. तो मी प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून दिला होता. अधिकाऱ्यानं कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि जा म्हणून हात केला. दहा सेकंदही लागले नाहीत.

एकवीस जानेवारीला मुलगी झाली. पवित्राला अठ्ठावीस तास लागले आणि रत्नाक्का बाहेर बसून होती. त्या देशातला एकही शब्द तिला येत नव्हता. नर्सनं तिला कॉफी आणून दिली आणि ती नर्सला "स्वल्प साखर" म्हणाली, हे पवित्रानं मला नंतर सांगितलं. मी हसले. हसायचं असतं म्हणून हसले.

पुढं जूनमध्ये त्या देशानं आमची लस मान्य केली. यजमान वर्तमानपत्र घेऊन आत आले आणि म्हणाले, "वसू, आता जाता येईल तुला." तोवर रत्नाक्का परत येऊन मशीनवर बसली होती आणि बाळ पालथं पडायला लागलं होतं. मी म्हणाले, बघू.

पण ते चाळीस दिवस. रोज इथल्या दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. न्हाणीघराच्या फरशीवर प्लॅस्टिकच्या स्टुलाला टेकून रत्नाक्का पाय लांब करून बसलेली, पायांवर माझी नात, फोन पवित्राच्या हातात. तीस-पस्तीस मुलं न्हाऊ घातलेली बाई. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तरी ती तांब्या भरून हात वरच धरायची आणि फोनकडे बघायची.

"वसू, पुरे का गं पाणी?"

मी रोज म्हणायचे, "अजून एक तांब्या, अक्का."

मग ती ओतायची.