बांधातला पाइप

नांदुऱ्याहून गाडी सुटताना बाबा खिडकीशी उभे होते. पहिल्याच नोकरीसाठी मी पुण्याला निघाले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, "पोचली की फोन लाव. नाही लागला तं लावतच राह्य." पुढची कितीतरी वर्षं आमचं बोलणं असंच चाललं. वरवट बकालच्या बाजूला आमचं घर शेतातच आहे, आणि रेंज फक्त गोठ्यामागच्या उंचवट्यावर. बाबा तिथे जाऊन ओरडत, "आवाज येऊन राह्यला काय?" मी हो म्हणेपर्यंत फोन कटलेला असे. बाहेर राहणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी असे फोन केलेत, मला ठाऊक आहे.

मग गावात फायबरचं इंटरनेट आलं. मी कंपनीच्या मागे लागून परवानगी काढली: महिनाभर गावाहून काम करायचं, लाइन टिकली तर कायमचं, नाही तर गुपचूप पुण्याला परत. मला आनंदाने वेड लागायचंच बाकी होतं. खांबावरच्या तारेला वानरं लोंबकळायची, म्हणून केबलवाल्याने आमच्यापर्यंतची तार ठिबक सिंचनाच्या जुन्या पाइपात घालून बांधाच्या कडेने पुरली. बाबा तेव्हा आत्याकडे लग्नाला गेले होते. मी घरी येऊन कामालाही लागले.

परत आल्या आल्या त्यांना बांधात काळा पाइप दिसला. आमच्याकडे वीतभर बांधावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. इथे तर शेजारी बाबांचे चुलतभाऊ, किसनकाका. "काऊन बे किसन्या, माह्या बांधातून पाणी नेऊन राह्यला अन् मले इचारलं बी नाही?" असं ओरडत बाबांनी विळ्याने पाइप कापला. पाणी काही निघालं नाही, एक बारीक तार बाहेर आली. आणि घरात माझी मीटिंग तिथल्या तिथे बंद पडली.

खरी गोष्ट कळल्यावर बाबांचं तोंड पाहवेना. "मीच तुले परत पुण्याले धाडलं का वं?" म्हणाले. मलाही रडू फुटलं.

शिव्या खाल्लेले किसनकाकाच मोटरसायकल काढून केबलवाल्याला घेऊन आले. तो तार जोडत होता तोवर बाबा उन्हात त्याच्यावर छत्री धरून उभे, आणि काका बाजूला उभे राहून टोमणे मारतायत, "पाह्य बरं, आता तरी पाणी येते काय!" मी उंचवट्यावरून ऑफिसच्या मॅडमना फोन लावून खरं ते सांगितलं. त्या बेंगळुरूच्या. बांध म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता सांगता मला घाम फुटला. त्या पोटभर हसल्या, म्हणाल्या, उद्या सकाळच्या मीटिंगला दिसलीस तर झालं. संध्याकाळच्या आत लाइन आली. महिना नीट पार पडला आणि मी इथलीच झाले.

पूर्वी दिवाळीला दोन दिवस यायचे तर आई नवी चादर काढायची, बाबा माझ्याशी जपून बोलायचे. पाहुणीसारखी बसून राहायचे मी, आणि आतून तुटायचं. परवा ऐन मीटिंगमध्ये आई दारातून ओरडली, "उठ वं, आभाळ आलं, मिरच्या भिजतीन! ठेव तुही मीटिंग बाजूले!" सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. मी हसत हसत मिरच्या गोळा करायला पळाले.

माझ्याशी आता कोणी जपून बोलत नाही. घरी आले मी.